विस्कळीत गाड्या, अडलेले चालक आणि क्वांटम संगणन : प्रस्तावना

रेल्वेचे वेळापत्रक प्रवाशाला फलकावर एकच दिसत असले, तरी रेल्वे चालवणाऱ्यांच्या दृष्टीने त्याच्या पोटात तीन वेगवेगळी वेळापत्रके असतात, आणि ती एकमेकांत इतकी गुंतलेली असतात की त्यांपैकी एकाला धक्का लागला की उरलेली दोन जागच्या जागी राहू शकत नाहीत. पहिले वेळापत्रक गाड्यांचे, म्हणजे कोणती गाडी कोणत्या रुळावरून किती वाजता कोणत्या स्थानकात येईल आणि तेथून सुटेल याचे. दुसरे रेकचे, म्हणजे डब्यांचा जो जोडलेला संच सकाळी एका गाडीच्या नावाने निघतो, दुपारी दुसरीच्या नावाने परततो आणि रात्री देखभालीसाठी ठरलेल्या यार्डात पोहोचावा लागतो, त्याच्या फेऱ्यांचे. तिसरे माणसांचे, म्हणजे लोको पायलट, मोटरमन आणि गार्ड यांच्या पाळ्यांचे. रुळाला तडा जाणे, ओव्हरहेड वायर तुटणे, दरड कोसळणे, सिग्नल यंत्रणा बंद पडणे अशी घटना घडली की ही तिन्ही वेळापत्रके, गाड्या रुळांवर आणि प्रवासी फलाटांवर असतानाच, नव्याने मांडावी लागतात. या कामाला व्यत्यय-व्यवस्थापन म्हणतात, आणि त्यात क्वांटम संगणकाचा उपयोग होऊ शकेल काय, होणार असेल तर नेमका कोठे, हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे.

चार-दोन मिनिटांचा उशीर म्हणजे व्यत्यय नव्हे. प्रत्येक सुजाण वेळापत्रकात धावण्याच्या आणि थांबण्याच्या वेळांमध्ये थोडी सवड राखलेली असते आणि लहानसहान उशीर तीत आपोआप जिरतात; सवड पुरेनाशी झाली आणि गाड्या रद्द करणे, मधल्याच स्थानकातून परत फिरवणे किंवा दुसऱ्या मार्गाने वळवणे याखेरीज गत्यंतर उरले नाही, म्हणजे व्यत्यय सुरू झाला असे म्हणता येते. येथे आणखी एक भेद लक्षात ठेवावा लागतो. इंजिन बंद पडल्यामुळे एखाद्या गाडीला जो उशीर झाला तो मूळ उशीर, आणि तो नियंत्रण कक्षातील कोणाच्याही हुशारीने कमी होत नाही. परंतु त्या गाडीमुळे मागच्या, समोरच्या आणि जोडगाड्यांना जो उशीर सोसावा लागतो तो दुय्यम उशीर, आणि कोणाला पुढे काढायचे व कोणाला थांबवायचे या निर्णयांवर तो अवलंबून असतो. पुढील सर्व गणिताचा रोख या दुय्यम उशिरावरच आहे.

शांतपणे वेळापत्रक बांधणे आणि ते मोडल्यावर तातडीने सावरणे या दोन कामांतील अंतर एका उदाहरणाने स्पष्ट होईल. नेदरलँड्सच्या रेल्वेने डिसेंबर 2006 मध्ये रोजच्या सुमारे 5,500 गाड्यांचे वेळापत्रक मुळापासून नवे करून अंमलात आणले. त्यापूर्वीची अशी मूलभूत फेरमांडणी 1970 साली झाली होती. या कामासाठी रॉटरडॅमच्या इरॅस्मस विद्यापीठातील लिओ क्रून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इतर संस्थांतील गणितज्ञांसह अनेक वर्षे खपून गणिती साधने तयार केली आणि 2008 साली त्या कामगिरीला क्रियात्मक संशोधनाच्या क्षेत्रातला मानाचा फ्रान्झ एडेलमन पुरस्कार मिळाला. अशा रीतीने वर्षानुवर्षांच्या श्रमातून उभे राहिलेले वेळापत्रक एखाद्या जंक्शनवरील बिघाडाने सकाळी आठ वाजता मोडले, तर ते निदान चालण्याजोगे करण्यासाठी नियंत्रकाच्या हाती काही मिनिटेच असतात, आणि तेवढ्या वेळात तो सर्वोत्तम उत्तर शोधत नसून, अनुभवाने ठाऊक असलेल्या उपायांपैकी बरा वाटेल तो निवडत असतो.

ही निवड अवघड का होते, हे एकेरी मार्गावरून चांगले कळते. एकेरी मार्गावर समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्या एकमेकींना ओलांडू शकतात त्या फक्त जेथे बाजूची लूप लाइन आहे अशा स्थानकांत; म्हणून मधल्या प्रत्येक पट्ट्यासाठी, त्यावर हक्क सांगणाऱ्या दोन गाड्यांपैकी आधी कोण आणि मागून कोण, हे ठरवावे लागते. असा प्रश्न एकच असेल तर उत्तरे दोन. तसे 30 प्रश्न असतील तर उत्तरांचे संच 100 कोटींहून अधिक, आणि 60 असतील तर तो आकडा 1 वर 18 शून्ये एवढ्या संख्येच्याही पुढे जातो. यांतील बहुतेक संच निरर्थक असतात हे खरे, कारण एक निर्णय घेतला की त्यामागोमाग इतर अनेक आपोआप ठरतात. तरीही मोठ्या जाळ्यासाठी सर्वोत्तम उत्तर हमखास आणि वेगाने काढून देणारी पद्धत आजवर कोणाला सापडलेली नाही, आणि अशी पद्धत बहुधा अस्तित्वातच नसावी असे गणनशास्त्रज्ञांचे मत आहे. अशा प्रश्नांना एनपी-कठीण म्हणतात.

याचा अर्थ साधे संगणक येथे हतबल आहेत असा मात्र नाही, आणि क्वांटम संगणनावरील उत्साही लेखनात हीच गोष्ट बहुधा वगळली जाते. गाड्यांच्या क्रमाचा प्रश्न पर्यायी कडांच्या आलेखाच्या रूपात मांडण्याची जी रीत मास्किस आणि पाचारेल्ली या इटालियन संशोधकांनी 2002 साली पुढे आणली, तिच्या आधारे एखाद्या गजबजलेल्या पट्ट्यावरील संघर्षांची उत्तम उकल काही सेकंदांत मिळू शकते. या आलेखात प्रत्येक गाडीची प्रत्येक पट्ट्यावरील हालचाल हा एक बिंदू असतो आणि ‘ही आधी’ किंवा ‘ती आधी’ या दोन कडांपैकी एकच निवडायची असते. जो पर्याय उशिराची बेरीज आधीच हाताबाहेर नेतो त्याची संपूर्ण फांदी छाटून टाकली जाते, त्यामुळे कोट्यवधी संच प्रत्यक्ष तपासावेच लागत नाहीत. नव्या यंत्राची तुलना व्हायची ती मुरलेल्या आणि दर वर्षी सुधारत असलेल्या या गणिताशी. कागद-पेन्सिल घेऊन बसलेल्या नियंत्रकाशी तुलना करून मिळवलेला विजय हा विजय म्हणता येत नाही.

गाड्या आणि रेक यांच्यापेक्षा तिसरे वेळापत्रक, म्हणजे चालकांचे, अधिक हट्टी असते. एखादा चालक सकाळी आपल्या मुख्यालयात हजेरी लावतो, पहिली गाडी दुसऱ्या शहरापर्यंत नेतो, तेथून वेगळ्याच मार्गावरची दुसरी गाडी घेतो, जेवणाची सुट्टी घेतो आणि तिसरी गाडी चालवत संध्याकाळी मुख्यालयात परततो. दुसरी गाडी वाटेत अडकली तर तिसऱ्या गाडीला रूळ मोकळा असतो, रेक उभा असतो, सिग्नलही मिळण्यासारखा असतो. नसतो तो फक्त चालक. अशा रीतीने बिघाडाशी काडीचाही संबंध नसलेल्या भागातली गाडी रद्द होते, तिचा रेक जागेवरच राहतो, संध्याकाळी तो जेथे हवा तेथे नसतो, आणि व्यत्यय माणसांच्या पाळ्यांतून पसरत जातो. बदली चालक पाठवावा म्हटले तरी तो विश्रांतीच्या नियमात बसला पाहिजे, त्याला त्या जातीचे इंजिन चालवण्याचा दाखला असला पाहिजे, आणि ज्या मार्गावर गाडी न्यायची तो मार्ग त्याच्या ओळखीचा असला पाहिजे. ही शेवटची अट बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटते. परंतु शेकडो टन वजनाची गाडी रात्री, पावसात, उतारावर थांबवायची असेल तर पुढचा सिग्नल कोणत्या वळणामागे आहे हे चालकाला दिसण्याआधी ठाऊक असावे लागते; म्हणूनच जगभरच्या रेल्वे, भारतीय रेल्वेही, मार्गाची ओळख करून घेतल्याखेरीज चालकाला त्या मार्गावर स्वतंत्रपणे गाडी देत नाहीत.

ही अट मोडता येत नसल्याने काय होऊ शकते ते ब्रिटनने 20 मे 2018 रोजी लागू झालेल्या नव्या वेळापत्रकाच्या वेळी पाहिले. इंग्लंडच्या उत्तर भागात बोल्टनमार्गे जाणाऱ्या मार्गाचे विद्युतीकरण लांबल्यामुळे नॉर्दर्न कंपनीला आपली योजना ऐनवेळी बदलावी लागली, दक्षिणेत थेम्सलिंक गाड्या चालवणाऱ्या जीटीआर कंपनीकडे नव्या मार्गांची ओळख असलेले चालक योग्य ठिकाणी पुरेसे नव्हते, आणि नियामक कार्यालयाने स्टीफन ग्लेस्टर यांच्या अध्यक्षतेखाली केलेल्या चौकशीनुसार या दोन कंपन्यांच्या कामाच्या दिवशी अनुक्रमे 310 आणि 470 पर्यंत गाड्या रद्द होत राहिल्या. रूळ शाबूत होते आणि गाड्याही होत्या.

पाळ्यांचे गणित केवळ नियमांचे नसते, हे नेदरलँड्समध्ये त्याही आधी दिसून आले होते. 2001 च्या सुमारास तेथील रेल्वेने चालक आणि वाहक यांना मोजक्या मार्गांपुरते बांधून ठेवण्याची योजना आणली, कारण एका मार्गावरचा उशीर पाळ्यांच्या धाग्याने दुसऱ्या मार्गावर जाऊ नये हा तिचा उद्देश होता आणि व्यत्ययाच्या शास्त्राच्या दृष्टीने त्या उद्देशात काही चूक नव्हती. कर्मचाऱ्यांनी मात्र रोज त्याच त्या मार्गावर फिरत राहण्याच्या कल्पनेला ‘चर्चभोवतीची फेरी’ असे नाव ठेवले, संप झाले, गाड्यांचा वक्तशीरपणा घसरला, आणि अखेर जो तोडगा निघाला त्यात आवडत्या मार्गांचे आणि त्रासाच्या मार्गांचे काम सर्व मुख्यालयांत न्याय्य प्रमाणात वाटावे, तसेच एकाच पाळीत पुरेशी विविधता असावी, असे नियम आले. पाळ्या आखणाऱ्या संगणकीय प्रणालीत हे नियम बंधने म्हणून घालण्यात आले आणि विशेष म्हणजे त्यांच्यासह निघालेल्या पाळ्या खर्चिकही ठरल्या नाहीत. उशीर पसरू नये म्हणून माणसे एका जागी बांधणे आणि काम सुसह्य व्हावे म्हणून ती फिरती ठेवणे या दोन मागण्यांतील ताण कोणत्याही यंत्राने मिटणारा नाही. यंत्र फार तर त्याची किंमत दाखवू शकते.

व्यत्ययानंतर पाळ्या पुन्हा जुळवण्यासाठी जी रीत आज सर्वांत समर्थ मानली जाते तिला स्तंभ-निर्मिती म्हणतात. शक्य असलेली प्रत्येक पाळी हा एक स्तंभ धरला, तर असे स्तंभ कोट्यवधी होतात आणि ते सगळे लिहून काढणे शक्य नसते. म्हणून थोड्याच पाळ्यांनी सुरुवात करून, गाडीच्या प्रत्येक फेरीसाठी, ती चालकाविना राहिल्यास किती महागात पडेल याची एक छुपी किंमत काढतात आणि त्या किमतीच्या हिशेबाने फायद्याच्या ठरतील एवढ्याच नव्या पाळ्या हळूहळू निर्माण करतात. डेनिस हाउसमन यांनी 2007 साली आणि नंतर पॉटहॉफ व देझोल्निये यांच्यासह 2010 साली डच रेल्वेच्या प्रत्यक्ष माहितीवर ही रीत वापरली. व्यत्ययाच्या आसपासच्या पाळ्याच तेवढ्या सोडवून पुन्हा बांधायच्या आणि बाकीच्यांना हात लावायचा नाही, अशा बेताने काही मिनिटांत वापरण्याजोगी उत्तरे मिळतात, असे त्यांच्या कामातून दिसले.

अशा पार्श्वभूमीवर क्वांटम संगणकाकडे वळावे लागते. रिचर्ड फाइनमन यांनी 1981 साली अशी कल्पना मांडली की निसर्ग सूक्ष्म पातळीवर पुंजभौतिकीच्या नियमांनी चालत असल्याने त्याचे अनुकरण करणारे यंत्रही त्याच नियमांवर चालणारे असावे. साध्या संगणकातील बिट शून्य किंवा एक असतो. क्वांटम संगणकातील क्विबिट मोजेपर्यंत या दोन्ही अवस्थांच्या मिश्रणात राहू शकतो आणि अनेक क्विबिट एकत्र आले की त्यांच्या अवस्था एकमेकींत गुंततात. यावरून हा संगणक सर्व उत्तरे एकदम तपासतो असे जे सर्रास लिहिले जाते ते दिशाभूल करणारे आहे, कारण मोजमाप केल्यावर हाती एकच उत्तर येते, आणि ते यदृच्छेने आलेले असेल तर त्याचा नाणेफेकीपेक्षा अधिक उपयोग नाही. चुकीच्या उत्तरांच्या लहरी एकमेकींना खोडून काढतील आणि चांगल्या उत्तरांच्या लहरी बळावतील अशी रचना करता आली तरच लाभ होतो. पीटर शोर यांना 1994 साली मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याच्या प्रश्नात अशी रचना सापडली, कारण त्या प्रश्नाच्या मुळाशी एक नियमित आवर्तन आहे. गाड्या आणि पाळ्या यांच्या प्रश्नात असे आवर्तन आढळलेले नाही. लव ग्रोव्हर यांनी 1996 साली दाखवलेली शोधपद्धत कोणत्याही प्रश्नाला लागू पडते, पण ती वाचवते ते वर्गमुळाइतके, म्हणजे 1 लाख कोटी तपासण्यांच्या जागी साधारण 10 लाख. आणि चुका दुरुस्त करत चालणाऱ्या क्वांटम यंत्राची एकेक पायरी साध्या संगणकाच्या पायरीपेक्षा इतकी मंद असण्याची चिन्हे आहेत की तेवढी बचत त्या मंदपणातच खर्ची पडावी.

म्हणून रेल्वेच्या संदर्भात आजवरचे बरेचसे प्रयोग दुसऱ्या एका वाटेने झाले आहेत. तापवलेला धातू सावकाश निवू दिला की त्यातील अणू नीट जागी बसतात आणि त्याची ऊर्जा कमीत कमी होते, या लोहाराच्या परिचयाच्या गोष्टीवरून निवण-पद्धतीची कल्पना निघाली. कादोवाकी आणि निशिमोरी या जपानी शास्त्रज्ञांनी 1998 साली तिचे क्वांटम रूप मांडले, ज्यात उष्णतेच्या हेलकाव्यांऐवजी क्वांटम हेलकावे प्रणालीला एका खळग्यातून दुसऱ्या, अधिक खोल खळग्यात पोहोचण्यास मदत करतात. मूळच्या कॅनडातील डी-वेव्ह कंपनीची यंत्रे या तत्त्वावर चालतात. तिचे 2020 सालचे ॲडव्हान्टेज हे यंत्र 5,000 हून अधिक क्विबिटांचे असून ते निरपेक्ष शून्याहून जेमतेम 0.015 अंश वर ठेवावे लागते. अशा यंत्राला प्रश्न द्यायचा तर तो एकाच विशिष्ट साच्यात द्यावा लागतो: शून्य किंवा एक असणारी अनेक चले, प्रत्येक चलाला एक वजन, चलांच्या प्रत्येक जोडीला एक वजन, आणि या सर्वांची बेरीज कमीत कमी करणे एवढेच उद्दिष्ट. वेगळी बंधने घालण्याची सोय या साच्यात नाही.

पोलंडमधील ग्लिवित्से येथील क्झिश्तोफ दोमिनो आणि त्यांचे सहकारी यांनी 2020 पासून केलेले काम याच साच्यात बसवलेले आहे, आणि ते डोळ्यांसमोर ठेवण्याजोगे आहे, कारण त्यांनी कल्पित जाळे न घेता आपल्या देशातील प्रत्यक्ष एकेरी मार्ग घेतले: उत्तरेकडील 216 क्रमांकाच्या मार्गाचा निजित्सा ते ऑल्श्तिनेक हा पट्टा आणि दक्षिणेकडील डोंगराळ भागातील 191 क्रमांकाच्या मार्गाचा गोलेशूव्ह ते विस्वा हा पट्टा. त्यांची मांडणी साधारण अशी आहे. ‘अमुक गाडी अमुक स्थानकातून इतकी मिनिटे उशिरा सुटते’ हे प्रत्येक विधान एक चल मानायचे आणि ते खरे असेल तर त्याची किंमत एक. दहा गाड्या, पाच स्थानके आणि शून्यापासून दहा मिनिटांपर्यंतचे अकरा संभाव्य उशीर धरले तर 550 चले होतात. आता एक गाडी एका स्थानकातून एकदाच सुटते ही सामान्य गोष्टसुद्धा यंत्राला ठाऊक नसते. म्हणून त्या अकरा चलांची बेरीज करून तीतून एक वजा करायचा, आलेल्या संख्येचा वर्ग करायचा आणि त्याला मोठ्या आकड्याने गुणून बेरजेत मिळवायचे, म्हणजे बरोबर एकच चल एक असेल तेव्हाच ती रक्कम शून्य होते आणि एरवी ती दंड म्हणून भरावी लागते. या एका साध्या नियमापायी प्रत्येक स्थानकावरील प्रत्येक गाडीसाठी 55 जोड्या, म्हणजे एकूण 2,750 जोड्या लागतात; समोरासमोरच्या गाड्या एकाच पट्ट्यात येऊ नयेत, दोन गाड्यांत सुरक्षित अंतर असावे, स्थानकात किमान वेळ थांबावे, या नियमांच्या जोड्या निराळ्याच.

दंडाचा आकडा किती ठेवायचा हा प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो, पण या विषयाचे मर्म त्यातच सापडते. दंड लहान ठेवला तर यंत्र नियम मोडून उशीर वाचवते, म्हणजे कागदावर दोन गाड्या एकाच पट्ट्यात समोरासमोर पाठवून एकूण मिनिटे कमी झाल्याचे कळवते. दंड फार मोठा ठेवला तर त्यापुढे तीन मिनिटे आणि पाच मिनिटे यांतील फरक इतका नगण्य होतो की यंत्राच्या अंगभूत गोंगाटात तो ऐकूच येत नाही आणि नियमात बसणारे पण सुमार उत्तर मिळते. साध्या संगणकावरील पद्धतींत सुरक्षेचे नियम आणि सोयीची इच्छा या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी असतात. नियम मोडणारी फांदी छाटली जाते आणि इच्छेची फक्त तुलना होते. येथे दोन्ही एकाच तराजूत तोलाव्या लागतात. अर्थात सिग्नल आणि अंतर्बद्ध यंत्रणा, जी दोन परस्परविरोधी मार्ग एकाच वेळी मोकळे होऊच देत नाही, ती या सर्वांच्या खाली स्वतंत्रपणे उभी असतेच, त्यामुळे चुकीच्या उत्तराने टक्कर होण्याचा संभव नाही. पण नियंत्रकासमोर असे उत्तर दोनदा आले की तिसऱ्यांदा तो पडद्याकडे पाहणार नाही.

दुसरी अडचण यंत्राच्या बांधणीतून येते. ॲडव्हान्टेज यंत्रातील एक क्विबिट जास्तीत जास्त पंधरा शेजाऱ्यांशी जोडलेला असतो, तर वेळापत्रकातील एका चलाचा संबंध त्याहून कितीतरी अधिक चलांशी असू शकतो. म्हणून एका चलासाठी अनेक क्विबिटांची साखळी करावी लागते आणि त्या सर्वांनी एकच उत्तर द्यावे अशी अपेक्षा ठेवावी लागते. साखळी लांबली की ती मध्येच तुटते, म्हणजे तिचा अर्धा भाग शून्य सांगतो आणि अर्धा एक. यामुळे 5,000 क्विबिटांच्या यंत्रात प्रत्यक्षात मावणारा प्रश्न पुष्कळ लहान होतो. पोलिश गटाच्या प्रयोगांत लहान उदाहरणांना चालण्याजोगी उत्तरे मिळाली, गाड्या वाढल्या तशी गुणवत्ता घसरली, आणि त्यांनी हे सर्व साध्या संगणकाच्या उत्तरांशी ताडून प्रामाणिकपणे नोंदवले, ही गोष्ट या क्षेत्रात अजून सार्वत्रिक झालेली नाही. जर्मन रेल्वेच्या मार्गजाळ्याची व्यवस्था पाहणाऱ्या कंपनीने 2022 च्या आरंभी केंब्रिज क्वांटम या कंपनीबरोबर गाड्यांच्या फेरमांडणीवर काम हाती घेतल्याचे जाहीर केले. तेथील वाट मात्र निवण-पद्धतीची नसून, क्वांटम यंत्राने एक अंदाज द्यायचा आणि साध्या संगणकाने त्या यंत्राची नियंत्रक मूल्ये सुधारत न्यायची अशा मिश्र पद्धतीची आहे.

या सर्व प्रयोगांत चालक जवळजवळ कोठेच नाही. गाड्यांचा क्रम आखणारे संशोधक चालक गाडीबरोबर आहेच असे गृहीत धरतात, आणि वर पाहिल्याप्रमाणे व्यत्ययाच्या वेळी नेमके तेच गृहीतक ढासळते. गणिती आकाराच्या दृष्टीने पाहिले तर चालकांचा प्रश्न क्वांटम यंत्राला उलट अधिक सोयीचा असायला हवा. तयार पाळ्यांच्या यादीतून काही पाळ्या अशा निवडायच्या की प्रत्येक फेरी बरोबर एकदा झाकली जाईल, याला अचूक-आच्छादनाचा प्रश्न म्हणतात आणि तो वर वर्णिलेल्या साच्यात सहज बसतो. विश्रांती, जेवण, मार्गाची ओळख, इंजिनाचा दाखला हे किचकट नियम पाळी तयार करतानाच साध्या संगणकाने तपासलेले असतात, त्यामुळे ते साच्यात आणावेच लागत नाहीत. स्वीडनमधील चाल्मर्स विद्यापीठाच्या गटाने विमानांच्या बाबतीत, म्हणजे कोणते विमान कोणत्या उड्डाणमालिकेला द्यायचे या प्रश्नात, हीच वाट धरली आणि स्तंभ-निर्मितीच्या आत निवडीपुरती क्वांटम पायरी घालता येईल असे सुचवले. त्यांची 2020 सालची उदाहरणे 25 क्विबिटांपर्यंत छाटलेली होती आणि साध्या संगणकावर अनुकरण करून सोडवलेली होती, म्हणून त्यांवरून वेगाबद्दल काही सिद्ध होत नाही. परंतु कामाची वाटणी योग्य जागी झाली आहे. माणसांचे नियम जेथे शब्दांत लिहिता येतात तेथे ते साध्या संगणकाकडे ठेवावेत आणि निवडीचा गाभा तेवढा नव्या यंत्राकडे द्यावा, हा मार्ग रेल्वेच्या पाळ्यांसाठी इतर कोणत्याही मार्गापेक्षा अधिक आशादायक वाटतो.

वेगवान गणिताने न सुटणारी एक बाजू उरते, आणि ती माहितीची. 3 फेब्रुवारी 2012 रोजी नेदरलँड्समध्ये बर्फ पडून रेल्वे कोलमडली, त्या दिवसाचा अभ्यास करणाऱ्यांना असे आढळले की निर्णय संथ होते यापेक्षा, कोणता रेक आणि कोणता चालक या क्षणी कोठे आहे याचे चित्रच नियंत्रण कक्षांतून हरवत गेले; एका कक्षाने रद्द केलेली गाडी दुसऱ्याच्या हिशेबात चालू राहिली आणि बदलांचे निरोप बदलांच्याच वेगाने मागे पडले. अशा वेळी दहा सेकंदांत आलेले सर्वोत्तम उत्तर वीस मिनिटांपूर्वीच्या परिस्थितीचे उत्तर असते. दरड किती वेळात हटेल याचा अंदाज दोन तासांवरून सहा तासांवर गेला की सगळी मांडणी पुन्हा करावी लागते. निवण-यंत्राचा एक गुण येथे कदाचित उपयोगी पडेल: ते एकच उत्तर न देता प्रत्येक वेळी थोडी वेगळी, जवळजवळ सारख्या गुणवत्तेची शेकडो उत्तरे देते, आणि त्यांतून अंदाज चुकला तरी कमीत कमी मोडेल असे उत्तर निवडण्यास वाव राहतो. प्रकाशित संशोधनात या गुणाकडे वेगाइतके लक्ष दिलेले दिसत नाही.

मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही, कारण पोलंडमधील त्या दोन पट्ट्यांशी जातीने जुळणारा, पण लांबीने आणि भाराने कितीतरी मोठा मार्ग रोह्यापासून मंगळूरजवळील ठोकूरपर्यंत सुमारे 740 किलोमीटर पसरलेला आहे. कोकण रेल्वे 1998 च्या जानेवारीत संपूर्ण सुरू झाली तेव्हा ती एकेरी होती आणि 2021 मध्ये रोहा ते वीर हा भाग दुहेरी झाल्यानंतरही उरलेली बहुतांशी एकेरीच आहे; क्रॉसिंगसाठी गाडी आडस्थानकात थांबणे हा कोकणात जाणाऱ्या प्रत्येकाच्या प्रवासाचा भाग आहे. पावसाळ्यासाठी तेथे वेग कमी ठेवणारे वेगळे वेळापत्रकच असते, म्हणजे सवड आधीच वाढवून ठेवलेली असते. तरीही जुलै 2024 मध्ये प्रथम गोव्यात पेडणे बोगद्यात पाणी शिरल्याने आणि त्याच आठवड्यात खेडजवळ दिवाणखवटी परिसरात दरड कोसळल्याने वाहतूक थांबली, काही गाड्या रद्द झाल्या आणि काही पुणे, मिरज, लोंढा या मार्गाने मडगावकडे वळवाव्या लागल्या. गाडी अशी वळवली की रुळांची मालकी बदलते, विभाग बदलतो, आणि कोकणची वळणे व बोगदे पाठ असलेल्या लोको पायलटच्या जागी घाटमाथ्यावरचा मार्ग ओळखणारा दुसरा द्यावा लागतो, तर पहिला जेथे अडकला तेथे त्याच्या विश्रांतीची आणि परतीची सोय पाहावी लागते.

भारत सरकारने एप्रिल 2023 मध्ये 6,003 कोटी रुपयांहून अधिक तरतुदीचे राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केले आहे; त्यातील संगणनाचे केंद्र बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, तर संवेदन आणि मापन यांचे केंद्र मुंबईच्या आयआयटीत आहे. रेल्वेकडेही नियंत्रण कक्षात गाड्यांच्या हालचाली नोंदवणारी आणि लॉबीत, म्हणजे चालक हजेरी लावतात त्या कार्यालयात, त्यांच्या पाळ्या लावणारी संगणकीय प्रणाली आहे. रत्नागिरी ते मडगाव एवढाच पट्टा घेऊन, त्यावरील लूप लाइनींची लांबी, प्रत्येक पट्ट्याला लागणारा वेळ, एका पावसाळी दिवसाच्या गाड्या आणि त्या दिवशीच्या लोको पायलटांच्या पाळ्या एकत्र मांडल्या, तर पोलिश गटाने केलेला प्रयोग चालकांसह करून पाहता येईल, आणि तो आधी साध्या संगणकावर करावा लागेल. त्यासाठी लागणारे प्रश्नाचे रूप, बंधनांची यादी आणि दंडांचे प्रमाण कसे ठरवावे याचा विचार पुढील प्रकरणांत पाळ्यांपासून आरंभ करून, मग रेक आणि शेवटी गाड्यांचा क्रम, असा नेहमीच्या क्रमाच्या उलट केला आहे.